लाल ठिपक्याची बॅटरी

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात बाहेरून घोषणा झाली. "लक्ष द्या! चहाची गाडी आजही उशिरानं धावत आहे."

"गाडीला चालक एकच आहे, बाबा. ओरडाल तर तीही रद्द होईल."

घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला, त्याआधी बाबा बसस्थानकावर गाड्या पुकारायचे. आता मुठीत मावणारं एक यंत्र गळ्याला लावायचं, बटण दाबलं की ते घरघरायचं आणि त्या घरघरीवर बाबा ओठांनी शब्द घडवायचे. आम्ही त्याला भुंगा म्हणायचो. भुंग्याच्या दोन बॅटऱ्या होत्या, एक आत आणि एक चार्जरमध्ये. ओळखू याव्यात म्हणून एकीवर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. अदलाबदल मात्र बाबा स्वतः करायचे. त्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

संध्याकाळी मी छापखान्यातून आले, हातपाय धुतले आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. मुद्रितं तपासताना दिवसभर मी ह्याच वेळेची वाट बघत असे.

"बोला, आज काय विशेष?"

बाबांनी लाल ठिपक्याची बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही तळवे झटकले. संपली. मग दुसरी घातली आणि भुंगा उशाशी सारला. ती रात्रीसाठी, अडीअडचणीला. हे रोजचंच होतं. मध्यंतरी, रोज संध्याकाळपर्यंत संपते म्हणून मी लाल ठिपक्याची बॅटरी दुकानात दाखवली, तर दुकानदार म्हणाला, "ताई, ही ठणठणीत आहे. तुमच्याकडे बोलणारं माणूसच जबरदस्त असेल." मला हसू आलं होतं. आमच्या घरात संध्याकाळी घड्याळ तेवढं बोलायचं.

"असू दे. आराम करा," मी नेहमीसारखं म्हणाले आणि पुस्तक उघडलं.

पहाटे ते झोपेतच गेले.

दादा दुसऱ्या देशातून धावतपळत आला. सगळं आटोपल्यावर आम्ही बाबांची खोली आवरायला घेतली. भुंगा उचलून त्यानं कानाशी धरला.

"दुपारी ह्याची घरघर ऐकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही गं."

"दुपारी?"

"फोन करायचे ना रोज. तासभर तरी. आई त्यांना पहिल्यांदा चुकीच्या गाडीत बसलेली सापडली, तो किस्सा तर कितीदा! तुला काय, सगळं पाठच असेल."

मला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आई त्यांना कुठे भेटली हे मी विचारलं, तेव्हाही तळवे झटकले गेले होते.

"माझ्याशी नाही बोलायचे ते," मी म्हणाले.

दादा अवघडला. "अगं, तुझं कौतुकच असायचं त्यांना. म्हणायचे, ती काय, समोरच असते. तिच्याशी वेगळं काय बोलायचं?"

मी चादरीची घडी घातली, मोडली, परत घातली. निदान बॅटरी खरंच संपत होती, मी स्वतःला समजावलं. दादावर खर्च झाली असेल, पण संपत होती.

"शेवटच्या दिवशी काय बोलले?"

"त्या दिवशी फोनच झाला नाही. मी प्रवासात होतो. तेच तर खातंय मला."

भुंगा रुग्णालयाला द्यायचं ठरलं. कुणाच्या तरी कामी येईल. द्यायच्या आधी भरून ठेवावी म्हणून टेबलावर तशीच पडलेली लाल ठिपक्याची बॅटरी मी चार्जरमध्ये बसवली. रिकामी असली की दिवा लाल लागतो आणि हिरवा व्हायला निम्मा दिवस जातो. तो लागला तोच हिरवा. बॅटरी काढली, ओढणीनं पुसली, पुन्हा बसवली. हिरवाच.

मग ती भुंग्यात घालून बटण दाबलं. तो इतक्या जोरात घरघरला की स्वयंपाकघरात गेलेला दादा धावत आला आणि पांढराफटक पडून दारातच थांबला.

मी बटण सोडलं. भुंगा बाबांच्या खुर्चीत ठेवला आणि माझी खुर्ची रोजच्यासारखी समोर ओढली.

"बाबा, मला तुमचा राग आलाय," मी मोठ्यानं म्हणाले. "मी रोज इथेच बसत होते."