शून्य लिहिलेले नऊ चौकोन

मित्रांनो, मी आडव्याउभ्या रेघा ओढलेली एक जुनी काच आहे. माझ्याकडे कुणी बघत नाही, माझ्यातून पलीकडे बघतात. त्यामुळे स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही, आणि हे सगळं नीट सांगता येईल की नाही याचीही खात्री नाही. तरी सांगते. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मुरुमच्या बाजारात, फोटोंना चौकटी करणाऱ्या माणिकप्पांच्या दुकानात झाला. एखाद्या लग्नाच्या फोटोवर बसायचं माझ्या नशिबी होतं. पण १९७२ च्या दिवाळीनंतर गावातल्या छोट्या दवाखान्याचे आबाराव डॉक्टर दुकानात आले आणि म्हणाले, "या काचेवर एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखून द्या. रेघा बारीक हव्यात, पण पुसल्या जायला नकोत."

माणिकप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "सोंगट्या खेळायच्या का काय, डॉक्टर?"

"फुफ्फुसं मोजायची आहेत."

 माणिकप्पा काच कापायची हिरकणी घेऊन बसले आणि दोन दिवस माझ्या अंगावर रेघा ओढत राहिले. दुखलं, पण त्या रेघांमुळेच मी इतर काचांहून वेगळी झाले.

ते दुष्काळाचं साल होतं. विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि गावंच्या गावं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. हातोडी पडली की पांढरी धूळ उडायची आणि बायामाणसं पदराने, पटक्याने नाकतोंड झाकायची. खोकणारे रुग्ण वाढले, तेव्हा आबाराव डॉक्टरांनी अभ्यास करायचं ठरवलं. खडी फोडणाऱ्या चौऱ्याऐंशी जणांच्या छातीचा दर दोन महिन्यांनी एक्स-रे काढायचा, आणि आतला डाग वाढतो की तसाच राहतो हे मोजून बघायचं. "डाग मोठा दिसतो" एवढं म्हणणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. किती मोठा, ते आकड्यात हवं होतं.

ते मोजणं माझ्याकडे आलं. दिव्याच्या पेटीवर फिल्म लावायची आणि तिच्यावर मला ठेवायचं. ज्या चौकोनात अर्ध्याहून जास्त डाग असेल, तो धरायचा. मोजणारा होता गुरुलिंग, दवाखान्यात एक्स-रे काढणारा पंचविशीतला तरुण. फिल्मवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली असे, म्हणजे ओळखीच्या माणसाकडे मन झुकू नये. आज मोजलेली फिल्म तो उद्या पुन्हा मोजायचा आणि कालचा आकडा बघायचा नाही. दोन्ही आकडे जुळले की डॉक्टर खूश व्हायचे. एकदा म्हणाले, "गुरुलिंग, तुझी नजर आणि ही काच, दोन्ही स्वच्छ आहेत." मला फार बरं वाटलं. आज आठवलं की लाज वाटते.

डॉक्टरांचा नियम सोपा होता. डाग पाच चौकोनांनी वाढला, तर त्या माणसाला खडीवरून काढायचं, थुंकी तपासायची आणि औषध सुरू करायचं. नाही वाढला, तर पुन्हा कामावर. म्हणजे कुणाला औषध मिळणार आणि कुणाला पुन्हा धुळीत जावं लागणार, ते माझ्या चौकोनांवर ठरत होतं.

या चौऱ्याऐंशी जणांत सिताबाई होत्या. चाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या, बोलायला तिखट. जानेवारीत त्यांचे चौदा चौकोन भरले. मार्चमध्येही चौदाच. पण त्यांचा खोकला वाढला होता, आणि रोज संध्याकाळी अंग तापायचं.

"अप्पा, नीट बघितलंस का रं?" त्यांनी गुरुलिंगला विचारलं.

"दोनदा मोजलं, सिताक्का. वाढ न्हाय."

"तुझ्या काचंला वाढ दिसंना, अन् माझ्या हाताला तर हातोडी उचलंना."

त्यांच्यासोबत आलेल्या सारजाबाई हसल्या. "काच काय करील? खडी फोडायला तिला कुठं यावं लागतंय?"

दोघी पुन्हा कामावर गेल्या. मी पेटीवर पडून होते. मला वाटलं, आकडा दोनदा जुळला आहे, म्हणजे आपण बरोबरच असणार.

मे महिन्यात एक फिल्म आली. गुरुलिंग मोजू लागला. चौदा झाले, वीस झाले, सव्वीसवर थांबला. दुसऱ्या दिवशीही सव्वीस. नावावरची पट्टी काढली तर सिताबाई.

त्याने मार्चची फिल्म शोधून शेजारी लावली, मला आधी एकीवर ठेवलं, मग दुसरीवर. तेव्हा मलाही दिसलं. मार्चच्या फिल्ममध्ये छातीच्या डाव्या बाजूला एक पांढराशुभ्र ठिपका होता, बरोबर नऊ चौकोन झाकणारा. ती सिताबाईंच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी होती. लिंगायत माणूस दीक्षा घेतल्यापासून आपलं लिंग अंगावेगळं करत नाही. एक्स-रे काढताना गळ्यातलं सगळं उतरवायला सांगायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुरुलिंग पोत काढायला सांगायचा, ताईत काढायला सांगायचा, पण लिंगाचं नाव काढायचा नाही. त्याच्याही गळ्यात तशीच डबी होती. कुणी आपल्याला असं सांगितलं तर कसं वाटेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून डबीची सावली जिथे पडे, ते चौकोन तो सोडून द्यायचा आणि वहीत त्यांच्यापुढे शून्य लिहायचा. मधल्या काळात सिताबाईंच्या लिंगाचा दोरा तुटला होता. त्यांनी गाठ मारून बांधला, तो आखूड झाला आणि डबी गळ्याशी आली. खालचं सगळं उघडं पडलं.

गुरुलिंग फिल्म आणि वही घेऊन डॉक्टरांसमोर उभा राहिला. "माझी चूक झाली, साहेब."

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडात धरल्या. "इथं शून्य का लिहिलंस?"

"तिथं मला काही दिसलं न्हाय."

"दिसलं नाही, तर मला तसं सांगायचं होतंस. तू तर तिथं काही नाही असं लिहून दिलंस. मी त्या भरवशावर तिला परत खडीवर पाठवलं." डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "अशा किती फिल्म आहेत?"

"अकरा."

तो त्याच दुपारी सायकलवरून खडीच्या कामावर गेला. पुढचं मला त्याच्या बोलण्यातून कळलं. बाभळीखाली बायका भाकरी खात बसल्या होत्या. गुरुलिंग बराच वेळ घुटमळला आणि शेवटी सिताबाईंना म्हणाला, "अक्का, पुन्हा फोटो काढायचाय. पण गळ्यातल्या लिंगानं आड येतंय. काढा म्हणायला माझी जीभ रेटत न्हाय."

सिताबाईंनी हात झटकले. "काढायचं कशाला? रोज सकाळी डाव्या तळहातावर ठिवूनच पूजा करते न्हवं? तसंच मुठीत धरते अन् हात कमरंवर ठिवते. अंगाला सोडून कुठं जातंय ते?"

गुरुलिंगचा हात आपल्या गळ्यातल्या डबीकडे गेला.

"रोज तूबी तसंच करतुस की," त्या म्हणाल्या. "इचारलं असतंस तर जानेवारीतच सांगितलं असतं."

"एवढी बुकं शिकला अन् सवताचा तळहात इसरला," सारजाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. गुरुलिंगला मात्र हसू आलं नाही.

अकराही जणांनी लिंग मुठीत धरून पुन्हा एक्स-रे काढला. गुरुलिंगने मला आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसलं, आणि एकेक चौकोन बोटाने दाबून मोजला.  सिताबाईंच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. इंजेक्शनं सुरू झाली. कामावर त्यांना झाडाखाली हातोड्या आणि टोपल्या सांभाळायला बसवलं. पुढच्या फिल्ममध्ये एकवीस चौकोन होते, मग पंधरा, आणि वर्ष उलटून गेल्यावर सहा. डॉक्टर म्हणाले, "हे सहा जखमेचे वण आहेत, ते राहतील."

"राहू द्या," सिताबाई म्हणाल्या. "आठवण म्हणून असू द्यात."

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्या अकरांत कल्याणप्पा नावाचे एक म्हातारेही होते. ते कधी कुरकुरले नव्हते, त्यांनी कधी "नीट बघितलंस का" असं विचारलं नव्हतं. त्यांचा फोटो सगळ्यांत शेवटी काढला, आणि त्यांच्या मोठ्या डबीमागे बारा चौकोन निघाले. औषध दिलं, पण फार उशीर झाला होता. श्रावणात ते गेले. त्यांच्या आधीच्या तीन फिल्म गुरुलिंगने कितीतरी वेळा माझ्याखाली ठेवून पाहिल्या. मोजायचं काहीच उरलं नव्हतं, तरी तो मोजत राहायचा. ते गेले त्या दिवसापासून त्याने वहीत आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, 'झाकलेले'. त्या रकान्यात आकडा पडला की तो आधी त्या माणसाकडे जायचा आणि मगच बेरीज करायचा.

सात वर्षं मी हे काम केलं. मग डॉक्टरांची बदली झाली, अभ्यास संपला. गुरुलिंगलाही दुसरीकडे नोकरी लागली. आता मी दवाखान्याच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली आहे. एक कोपरा टवका उडून बोथट झाला आहे. मोठ्या शहरांत म्हणे आता यंत्रंच चित्रं मोजतात, आणि क्षणात मोजतात. मोजोत बापडी. झाकलेल्या जागेचं त्यांना कुणी सांगितलं असेल का, एवढीच मला काळजी वाटते.

मित्रांनो, तुम्हीही पुढे काही ना काही मोजाल. किडीने पाडलेली पानावरची भोकं मोजाल, रक्तातल्या पेशी मोजाल, कदाचित कुणाची फुफ्फुसंही. माझ्यासारखी काच हाताशी असेल तर ती स्वच्छ ठेवा, रेघा जपा. पण एखादी जागा झाकलेली असेल, तर तिथे शून्य लिहू नका. संकोच वाटला तरी उठा, त्या माणसापर्यंत जा आणि विचारा. वाट त्यालाच ठाऊक असते. आणि जो काहीच विचारत नाही, कुरकुरत नाही, त्याच्याकडे आधी जा. कल्याणप्पांकडे आम्ही शेवटी गेलो.