माळावरचा खांब

जोतीराम इटलीच्या लढाईवरून परतला तो डोक्यात अख्खं गाव घेऊनच. तिथल्या दवाखान्यात पाय मोडून पडला असताना गोव्याच्या एका पाद्र्यानं त्याला स्पेनच्या कप्तानांची गोष्ट सांगितली होती. समुद्रापार गेले की ते ओसाड जागी लाकडी खांब रोवत, तलवारीनं थोडं गवत कापत आणि तीनदा ओरडून विचारत, कुणाची हरकत आहे का? कुणी बोललं नाही की झालं गाव! मधे चौक, चौकात देऊळ, सरळ रस्ते. पाय बरा झाला तरी जोतीराम त्या चौकातच हिंडत राहिला.

सेहेचाळीस साली सरकारनं कवठे महांकाळकडच्या माळावर फौजींना जमीन दिली. बायको अंजना कडेगावात थोरल्या दिराच्या सोप्यात पडदा लावून संसार करत होती. तिला स्वतःचं दार द्यायचं, एवढंच जोतीरामला हवं होतं.

माळावर ऊन थरथरत होतं. बाभळीचा खांब रोवून त्यानं बुडाला दगड ठोकला. झळांमधून त्याच्या डोळ्यांपुढं देऊळ वर आलं, चावडी आली, उगवतीला अंजनाचं दार आलं. विळ्यानं कुसळी गवत कापून त्यानं विचारलं, "कुनाची हरकत हाय का?"

"घसा कशाला कोरडा करतुयास गड्या?" बरोबर आलेला फौजी दोस्त नाथाजी हसला. "हितं होल्या-पाखरांबिगर कोन हाय?"

तिसऱ्या हाकेला बोरीच्या जाळीआडून म्हातारी धनगरीण राहीबाई उठली.

"माजी हाय," ती म्हणाली. "खांबाला ठोकलास त्यो दगुड माज्या मालकाच्या उशाचा हाय. हितंच पुरलाय त्याला."

"म्हातारे, सरकारी कागद हाय आमच्याकडं," नाथाजी म्हणाला.

"आसंल. ह्यानं इचारलं, म्या सांगितलं."

जोतीराम मेल्याहून मेल्यासारखा झाला. पाद्र्याच्या गोष्टीत कधीच कुणी हरकत घेतली नव्हती. तिथंही माणसं असणारच. कप्तान मात्र त्यांना न कळणाऱ्या बोलीत विचारून मोकळे होत होते.

त्यानं खांब उपटला, दगड जागेवर ठेवला आणि हात जोडले.

"वढ्याच्या पल्याड बग," म्हातारी मऊ आवाजात म्हणाली.

खांब खांद्यावर टाकून तो ओढा उतरला. पलीकडं त्यानं एकेक झुडूप वाकून पाहिलं. मग हलक्या आवाजात एकदाच विचारलं, आणि दिवस मावळेपर्यंत उत्तराची वाट पाहत उभा राहिला.