कणसवाल्या बाईंची बरणी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कणसवाल्या बाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घरच्यांना चार महिने मका खाऊ घालून बाईंनी दाणे काढलेली कणसं जमवली होती. शेवटी शेवटी नवरा ताट बघूनच हात जोडायचा. त्या कणसांचा बाईंनी भट्टीत बरणीभर कोळसा केला. दिसायला नुसती भुकटी, पण आत डोळ्यांना न दिसणारी इतकी भोकं, की गॅस त्यांत दाटीवाटीने बसावा आणि त्याच टाकीत, त्याच दाबाला दुप्पट मावावा.

“दुप्पट मावला तर प्रयोगाची ही खोली तुमची,” साहेबांनी बजावलं होतं. “नाहीतर सोमवारी कुलूप. कोळसा उगाळावा तितका काळाच, बाई.”

आज साहेबांसमोर टाकीत कोळसा घातला, गॅस भरला, टाकी काट्यावर ठेवली. रिकाम्या टाकीत मावतो त्याच्या जेमतेम सव्वापट. बाईंना रडूच यायचं बाकी होतं. गेल्याच आठवड्यात दुप्पट भरला होता.

“भोकांत आधीच काहीतरी जाऊन बसलंय, सर. कोळसा तापवते, पंपाने आतलं ओढून काढते आणि परत मोजते.”

एरवी घाई करणारे साहेब खुर्ची ओढून बसले.

तासाभरात पंपाच्या नळीतून वास सुटला, शिळ्या उकडलेल्या अंड्यांचा. अख्ख्या मजल्यावर डब्यात रोज अंडी आणणारा माणूस एकच होता आणि तो आता छताचा रंग न्याहाळत होता.

“सर, माझी बरणी कुठे होती?”

“फ्रिजमध्ये,” साहेब पुटपुटले. “सुट्टीत माझा डबा आतच राहिला. वासाने दार उघडवेना. मग वास ओढून घ्यायला दोन दिवस तुमची बरणी झाकण काढून आत ठेवली, आणि गुपचूप जागेवर नेऊन ठेवली.”

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. चार महिन्यांचा मका, नवऱ्याचे जोडलेले हात, आणि ह्यांची अंडी! पण हात थांबले नाहीत. कोळसा निवला, टाकी पुन्हा भरली, काट्यावर चढली. दुपटीच्याही थोडं वर. साहेबांनी आकडा स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली.

बाईंचा राग अजून उतरला नव्हता. “कोळशावर तुमचा काडीचा विश्वास नव्हता ना, सर?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“नसता,” ते म्हणाले, “तर बरणी नेली कशाला असती?”