डाव्या चाकाचा हब

नवऱ्याला छंद असावा, पण तो कपाटात मावणारा असावा. आमचे हे, प्रभाकर, बँकेच्या बदलीवर बराकपूरला आले आणि पहिल्याच वर्षी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेऊन घरी आले. मला वाटलं होतं, फार तर फ्रिज आणतील.

जीपचा पुढचा डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा गोळा, ह्यांनी आमच्या बाल्कनीत खोलला. लोकांच्या बाल्कनीत मोगरा असतो, आमच्याकडे गिअर ऑइलचा वास. रविवारी मल्लिकबाजारात जाऊन सुटे भाग शोधायचे. गिअरचा दात दातावर नीट बसतो का ते बघायला काही हवं होतं, तर माझ्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवून दातांना फासलं.

“अगं, जिथलं कुंकू पुसलं जातं ना, तिथे दात टेकतो,” हे समजावून सांगायला लागले.

“निदान शुभ तरी बोला,” मी म्हटलं.

जेवताना रोज शिकवणी. ट्रान्सफर केसचा दांडा टाकला की इंजिनाची ताकद पुढेही जाते. पण ती चाकांपर्यंत पोचायला खाली उतरून दोन्ही पुढच्या चाकांवरचे हब हाताने फिरवून लॉक करायचे. एकच लॉक केला, तर सगळी ताकद मोकळ्या बाजूने फुकट जाते आणि पुढची दोन्ही चाकं ढिम्म बसतात. मी “हं” म्हणत पोळी वाढायची.

यंदा हे निवृत्त झाले. आता परत नाशिकला जायचं, आणि तिथल्या आमच्या फ्लॅटखाली स्कूटर कशीबशी मावते, तेव्हा जीप विकायची असं मीच बजावलं. त्या दिवसापासून ह्यांचं जेवण कमी झालं.

गिऱ्हाईक आलं डुआर्सच्या चहामळ्यातून. ऋषभ नावाचा तरुण मॅनेजर. पावसात मळ्यातले रस्ते वाहून जातात, म्हणून त्याला चिखलात चढणारी गाडीच हवी होती. आम्ही तिघं नदीकाठी गेलो. ओहोटीनंतर घाटाच्या उतारावर हा गाळ साचलेला.

ह्यांनी उजव्या चाकाचा हब फिरवला. खट् आवाज आला. मग वळसा घालून डाव्या चाकाशी वाकले. हात हलला, पण आवाज आला नाही. माझी नजर चुकवून बाजूला येऊन उभे राहिले.

मालकानेच हब लावलेले, त्यामुळे ऋषभला शंका यायचं कारण नव्हतं. त्याने दांडा टाकून गाडी गाळात घातली. मागची चाकं चिखल उडवत जागीच फिरली आणि पुढची ढिम्म.

माझ्या लक्षात आलं. जीप द्यायची नव्हती आणि माझ्याशी भांडायचंही नव्हतं. उभा जन्म लोकांच्या सह्या तपासण्यात गेलेला माणूस, आणि त्याने लबाडी केली ती ही. मला राग नाही आला. म्हटलं, जाऊ दे, राहू दे त्यांची जीप.

ऋषभ उतरून खाली वाकला. “अंकल, आगे का एक्सल तो बेकार है। जिसने बनाया, उसे कुछ आता नहीं था। भंगार में दे दीजिए।”

“हो सकता है,” हे म्हणाले. कान लालबुंद झाले होते, तरी नदीकडे बघत राहिले.

त्यांना सोसलं. मला सोसेना. माझं अख्खा करंडाभर कुंकू त्या गिअरांवर गेलंय, आणि हा म्हणतो, काही येत नव्हतं.

साडी वर खोचून मी तशीच गाळात उतरले. डाव्या चाकाचा हब चिखलाने बुळबुळीत झाला होता. पदराने धरून दोन्ही हातांनी पिरगळला. खट्.

“अब चलाओ,” मी म्हटलं.

जीप चढली. आदळआपट नाही, घाई नाही. पुढच्या चाकांनी गाळ धरला आणि जिना चढावा तशी ती वर आली. इतकं सुंदर काम माझ्या बाल्कनीत झालं होतं आणि मी त्याच्या वासावरून भांडत होते. डोळे भरून आले माझे.

“आंटी, ये किसने बनाया?” ऋषभने विचारलं.

“इन्होंने. अकेले.”

तो ह्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, गाडी मी आजच नेतो.

“गेली ना जीप,” हे हळूच म्हणाले.

“गेली.”

“तुला कसं कळलं?”

“खट् एकदाच वाजलं.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. “म्हणजे जेवताना तू ऐकत होतीस?”

“मग काय करणार? रोज तेच.”

डांबरी रस्त्यावर हब मोकळे ठेवायचे असतात, नाहीतर गिअर ताणले जातात. हे ऋषभला बाजूला घेऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावत बसले. मग गुडघा टेकून उजवा हब सोडवला. डाव्या चाकाशी आले, पण हात लावला नाही. वळून मला जवळ बोलावलं.

“हा तू सोडव,” म्हणाले.