पिळ्ळैयारापुढच्या दोन पुड्या

जयतीर्थाचा टेलिफोनचा कारखाना म्हणजे कुंभकोणमच्या बसस्टँडमागच्या दोन खोल्या. हॉटेलांसाठी, इस्पितळांसाठी तिथं इंटरकॉम बनत. चौऱ्याण्णव साली मागणी पार आटली. आता तगायचं तर नव्या फोनच्या पोटात कोणाचा प्रोग्राम घालायचा, हे एकदाचं ठरवणं भाग होतं. एक होता धाकट्या बहिणीनं, तुळसीनं, रक्ताचं पाणी करून लिहिलेला. दुसरा बेंगळूरच्या कंपनीचा, तयार.

तुळसीचा प्रोग्राम चांगला होता. हे तीच सांगत फिरायची, पण म्हणून ते खोटं नव्हतं. मात्र बेंगळूरचा सगळ्यांनी घेतलेला. तंजावर-तिरुचीचे मेकॅनिक तोच ओळखत, बिलाची यंत्रं त्यालाच जोडली जात. एकट्याच्या शहाणपणाला बाजारात कोण विचारतो? तुळसीला हे दिवाळीतच कळलं होतं. कळलेलं गळी उतरायला पोंगल आला.

उतरलं तेव्हा तिनं ठरवलं, आपणच अण्णाला, जयतीर्थाला, सांगायचं. जड जाईल, पण आपल्या हातानं दिलेलं बरं.

नेमका त्याच सकाळी अण्णा म्हणाला, "तिरुवलंचुळीस चल. पिळ्ळैयारापुढें फुलें ठेवूं."

मन दोहोंकडे ओढलं की इकडे लोक पिळ्ळैयाराला, म्हणजे गणपतीलाच विचारतात. एका पुडीत पांढरं फूल, दुसरीत तांबडं, आणि एक उचलायची. पांढरं निघालं तर तुळसीचा प्रोग्राम, तांबडं निघालं तर बेंगळूरचा. तुळसीनं आपलं ठरलेलं परतीपर्यंत राखून ठेवलं. मनातून तिला पांढरंच हवं होतं. गणपतीनं हो म्हणावं आणि मग परतताना बसमध्ये आपणच आपला प्रोग्राम सोडून द्यावा, एवढ्या मानाची हाव तिला सुटली होती.

पुड्या अण्णानंच घरून बांधून आणलेल्या. आरती झाल्यावर देवळाच्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळांनी, त्या देवाच्या पायाशी ठेवून पुढे केल्या. तुळसीनं एक उचलली. आत तांबडी कण्हेर.

"देवाची इच्छा," अण्णानं घाईघाईनं हात जोडले.

तुळसीचे डोळे भरून आले, पण राग नव्हता. निदान पांढरं फूल केसांत माळावं म्हणून तिनं दुसरी पुडी घेतली.

"ती राहूं दे," अण्णा म्हणाला. तोवर तिनं दोरा सोडला होता.

त्यातही तांबडी कण्हेर.

गुरुक्कळ दुसऱ्या भक्ताकडे वळले. दोघं बाहेर येऊन मंडपाच्या पायरीवर बसली.

"तुज तोंडावर सांगायास जीभ रेटेना, तुळसी."

"मीच सांगणार होतें, अण्णा. आज, बसमध्यें. बेंगळूरचाच घे म्हणून."

अण्णाच्या चेहऱ्यावरचं ओझं क्षणात उतरलं. "मग बरेंच झालें कीं."

"बरें नाहीं झालें," तुळसी म्हणाली. "मज तो द्यायचा होता. तूं काढून घेतलास."