माझी दुसरी आंघोळ

नाव ऐकून पळू नका, मित्रांनो. मी एक ऑसिलोस्कोप. जुना, राखाडी, दोघांनी मिळून उचलावा एवढा जड. माझ्या तोंडावर बशीएवढा गोल पडदा आहे. तारेतून जाणारी वीज कुणाला दिसत नाही. ती मी हिरव्या रेघेने काढून दाखवायचो. सगळं ठीक असलं की रेघ छान लाटा घ्यायची, बिघाड असला की वेडीवाकडी नाचायची.

कारखान्यात बायकांनी मला हाताने जोडलं, डोळ्यांत तेल घालून. तिथून मी एका तंत्रशाळेत आलो. तिथले शिक्षक म्हणजे अण्णा. सगळ्या वर्गाला दटावायचे, "याला हात लावायचा तर आधी हात धुऊन या!" मी असा काही डोक्यावर चढलो होतो की विचारू नका. मग पुस्तकाएवढी हलकी, चपट्या पडद्याची यंत्रं आली आणि मला कुणी विचारेना. अकरा वर्षं अडगळीत काढली. उंदरांनी माझ्या पोटात संसार थाटला.

निवृत्त झालेले अण्णा एक दिवस मला घरी घेऊन आले. मागच्या खोलीत ते माझ्यासारखेच म्हातारे ऑसिलोस्कोप दुरुस्त करत. माझ्याआधी सतरा जणांना त्यांनी पुन्हा उभं केलं होतं. पण माझी पाळी आली तोवर अण्णांचं चित्त थाऱ्यावर राहत नव्हतं. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, इथवर सगळं हसण्यावारी गेलं. एकदा मात्र ते तारा जोडायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न तसंच टेबलावर ठेवून जेवायला गेले आणि टेबल पेटलं. परगावी राहणारा त्यांचा मुलगा धावत आला.

"बास झालं, अण्णा. या खोलीला कुलूप लावू."

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. अण्णांजवळ राहणारी लेक मध्ये पडली. "दादा, हा एक होऊ दे. सुरू झाला तर खोली राहील. नाही झाला तर मीच कुलूप लावीन."

"बघ हं, शब्द दिलायस."

म्हणजे आता अण्णांची खोली माझ्या जिवावर!

जुन्या ऑसिलोस्कोपला अण्णा चक्क आंघोळ घालतात. हसू नका, तशी पद्धतच आहे. झाडांवर फवारायच्या पंपाने साबणाचं पाणी मारायचं, मऊ ब्रशने घासायचं, मग भोवती पत्रे उभे करून आत दोन बल्ब लावायचे आणि तीन आठवडे वाळवायचं. वरचं अंग लवकर सुकतं. पण पोटात ट्रान्सफॉर्मर असतो, तारेची जाडजूड गुंडाळी. तिच्यात मुरलेलं पाणी दिसत नाही. ते वाळायच्या आत वीज सोडली की खेळ खलास. म्हणून अण्णा आंघोळीची तारीख पत्र्यावर खडूने लिहीत.

एकविसावा दिवस रविवारी आला. लेक दादाला आणायला स्टँडवर गेली. इकडे अण्णा खोलीत आले, पत्रे बाजूला केले आणि माझ्याकडे बघून हळहळले, "अरेरे, किती मळलास रे! चल, तुला आंघोळ घालू."

अहो अण्णा, झाली की माझी आंघोळ! मी आतल्या आत आक्रोश केला, पण बंद पडद्याचं कोण ऐकतं? किती मायेने धुतलं त्यांनी मला! गुणगुणत, कानाकोपरा घासत. मग लख्ख पुसलं, पत्रे पुन्हा उभे केले. तारीख मात्र जुनीच राहिली.

तासाभराने भावंडं आली. लेकीने तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले. "एकवीस! अण्णा, बटण तुम्ही दाबा."

"तूच दाब. राबलीस तू."

तिने दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावर हिरवी रेघ उमटली. "आली!" लेक ओरडली. दादासुद्धा पुढे वाकला. अण्णांनी टाळी वाजवली. मग माझ्या पोटात काहीतरी चरचरलं, धूर निघाला आणि रेघ गेली.

लेकीने प्लग उपटून मागचं झाकण काढलं. तिच्या हाताला पाणी लागलं. साबणाचा वास आला. तिने वळून पाहिलं, तर दोरीवर ओला फडका आणि खाली ठिबकणारा पंप. तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या जळण्यापेक्षा मला तिच्याकडे बघवेना.

"काय झालं गं?" दादाने विचारलं.

"माझंच चुकलं. दिवस मोजताना घोटाळा केला. घाई झाली."

"किती वेळा सांगितलंय, घाई करायची नाही म्हणून!" अण्णा कडाडले. मग तिचे डोळे पाहून विरघळले. "रडतेस काय, वेडे? मीही केलीय अशी चूक. पुन्हा धुऊ, पुन्हा वाळवू."

दादा बराच वेळ त्या ओल्या फडक्याकडे बघत राहिला. लेकीने शब्दाला जागून कुलूप आणलं, ते त्याने तिच्याकडून काढून घेतलं. खोलीचा फ्यूज तेवढा काढून खिशात टाकला. "राहू दे खोली," म्हणाला आणि नाक पुसत बाहेर गेला.

माझ्या मापाचा ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळत नाही. मी पुन्हा उजळणार नाही, पण हे अण्णांना ठाऊक नाही. दर दोन-चार दिवसांनी ते मला आंघोळ घालतात. माझा रंग उडाला, बटणांवरचे आकडे पुसले गेले. सुरुवातीला मला फार राग यायचा. संध्याकाळी लेक कामावरून येते, बाह्या वर सारते.

"आज फार मळलाय का हो, अण्णा?"

"मग! अकरा वर्षं अडगळीत होता बिचारा."

"द्या, पाठ मी घासते."

मित्रांनो, जाता जाता जुन्या यंत्रांना जपा असं सांगायची आम्हा यंत्रांची रीत आहे. जपा, जरूर जपा. पण तुमच्या घरात कुणी झालेलंच काम पुन्हा करायला बसलं, तर त्याच्या हातातला फडका ओढून घेऊ नका. दुसरा फडका घ्या आणि शेजारी बसा.