गुळातली गोळी

कापूस वेचता वेचता मनकर्णा सरीतच आडवी झाली. त्याआधी महिनाभर अंग काळवंडत चाललं होतं, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुकल्यात. त्यांचं काम आता गोळीनंच भागवायचं, जन्मभर. "आणि मनानं बंद करू नका. जिवावर बेतेल," असं नवऱ्याला, कचरूला, बजावून सांगितलं.

गोळीनं मनकर्णा उठली. जेवू लागली, हसू लागली. मग तापात डोस वाढवावा लागला आणि तिची झोपच उडाली. तोंडाची टकळी थांबेना, घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. काल सकाळी तर तिनं गोळी कचरूच्याच अंगावर फेकली.

"जहर चारताय मला! दुसरी करायचीय व्हय?"

"आगं, या वयात मला कोण देतंय दुसरी?"

तो हसला. ती हसली नाही.

शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या, "बाहेरचं हाय हे. देवरुषाला दाखवा."

"आमच्यात ते न्हाई, वैनी. गोळीचंच हाय हे."

डॉक्टरही फोनवर तेच म्हणाले. काहींचं डोकं फिरतं या गोळीनं; डोस बेतानं कमी करू, पण एकदम तोडू नका, घेऊन या. घेऊन कसं जायचं? जीप दारात आली की मनकर्णा खांबाला मिठी मारून ओरडायची.

कालपासून गोळी पोटात गेली नव्हती. आज सकाळी तिला उलटी झाली. उभं राहवेना. कचरूनं गोळी कुटली, गुळात मळून खडा केला आणि भाकरीसोबत ताटात ठेवला.

मनकर्णानं ताटाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. खडा उचलून त्याच्याच तोंडापुढं धरला.

"आधी तुमी."

नको म्हणावं तर जहर खरं ठरत होतं. कचरूनं तोंड उघडलं. जिभेवर कडू पसरलं. चेहरा न हलवता त्यानं अख्खा खडा गिळून टाकला.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिचे डोळे भरले.

"उगाच वहीम घेतला बघा तुमच्यावर," ती म्हणाली आणि कोरडी भाकरी मोडू लागली.

"थांब, आनखी गूळ आनतो."

"ऱ्हाऊ द्या गूळ. बसा हितंच." तिनं त्याचं मनगट धरलं. कितीतरी दिवसांनी धरलं.

बाकीच्या गोळ्या आत, गुळाच्या डब्याशेजारी होत्या. पकडीत जोर असा नव्हताच. हात सहज सोडवता आला असता.

कचरू बसून राहिला.